टोपलीतली बुचं

"जीनी! ए जीनी! पंप ऐकू येतोय का गं तुला?"

आतल्या खोलीतून उत्तर आलं नाही. डेल्बर्टची बायको इमोजीन कंबरेच्या दुखण्याची गोळी घेऊन गोधड्यांच्या ढिगाखाली झोपली होती, आणि ती गोळी घेतल्यावर तिच्या कानाशी बँड वाजवला तरी ती उठायची नाही. डेल्बर्ट खुर्चीत सरळ होऊन बसला. बसल्या बसल्या डोळा लागला होता त्याचा. जेवण झालं होतं की व्हायचं होतं, ते काही चटकन लक्षात येईना. घरात मात्र कसलाच आवाज नव्हता. फ्रिज गप्प, उबेचा पंखा गप्प, शेगडीवरच्या घड्याळाचे हिरवे आकडे विझलेले. आणि गार वारं सुटल्यापासून मागच्या अंगणात अखंड चाललेली पंपाची घरघर, तीही बंद.

वीज गेली होती. केव्हा गेली होती?

दक्षिणेकडच्या ॲबिलीन गावात ज्यांच्या घरी पोहण्याचा तलाव आहे, त्यांना थंडीचं एकच शास्त्र ठाऊक: पाणी हलतं ठेवायचं. उत्तरेकडची माणसं पानगळ झाली की तलाव बंद करतात, वर झाकण ओढतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडे बघतही नाहीत. इथं तसं कोण करतो? इथं थंडी येते ती आगाऊ पाहुण्यासारखी, न सांगता, आणि दोन-चार दिवसांत जाते. तेवढे दिवस पंप चालू ठेवला की झालं. पण वीज गेली, की हे सगळं शास्त्र बोंबललं! पंपाच्या पोटात, फिल्टरमध्ये, हीटरच्या नळ्यांत थांबलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि लोखंडाला नि प्लॅस्टिकला सारखंच फोडून बाहेर येतं. तेव्हा खटका पाडायचा, तळाची बुचं काढायची आणि पाणी जमिनीवर सोडून द्यायचं. तेही वेळेत. वेळ गेली की हात चोळत बसायचं.

डेल्बर्टला हे कुणी सांगायला नको होतं. त्याचा सगळा जन्म दुसऱ्यांचे तलाव साफ आणि दुरुस्त करण्यात गेला. गावातल्या कितीतरी मागच्या फाटकांच्या कड्या त्याला पाठ होत्या, कुठलं कुत्रं भुंकतं आणि कुठलं चावतं तेही. निवृत्त होताना त्यानं स्वतःच्या अंगणात लहानसा तलाव बांधला, लोकांच्या तलावांतून उरलेल्या फरशा जमवून. एक निळी, एक हिरवट, एक मधेच पांढरी. बघणारे हसायचे. "हसा लेको," डेल्बर्ट म्हणायचा, "पाण्याला काय रंग कळतो होय?"

तो तलाव त्यानं इमोजीनसाठी बांधला होता. तिच्या कंबरेची हाडं झिजली होती. जमिनीवर चार पावलं टाकली की ओठ चावायची बाई, पण कोमट पाण्यात उतरली की अशी चालायची, की बघणाऱ्यानं विचारावं, हिला झालंय तरी काय? रोज सकाळी ती पाण्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालायची आणि काठावर बसलेल्या डेल्बर्टला गल्लीतल्या बातम्या सांगायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे चालणं बंद करू नका, नाहीतर खुर्चीला खिळाल.

आणि दुसरी गोष्ट ऑक्टोबरातली. तलावाचं औषध आणायला म्हणून तो गाडी घेऊन निघाला आणि परतलाच नाही. सापडला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, परक्या माणसाच्या अंगणात, हातात जाळी घेऊन त्यांच्या तलावातली पानं काढताना. पूर्वी कधीतरी ते घर त्याच्या कामात होतं. घरची बाई नवी, तिनं घाबरून पोलिसांना बोलावलं. पोलीस बिचारा भला. "सर, घरी सोडू का तुम्हाला?" म्हणाला. डेल्बर्टनं त्यालाच सुनावलं, "पानं तर काढू दे आधी!"

त्यानंतर मुलगी, शेरिल, ट्यूल्साहून आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण आणखी एकदा असं काही झालं ना, तर हे घर विकायचं आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. वचन द्या मला." डेल्बर्टनं वचन दिलं. शेरिलची जागा चौथ्या मजल्यावर. तिथं गॅलरीत दोन कुंड्या मावायच्या, तलाव कुठला!

तेव्हा आज पंप फुटून चालणार नव्हतं. पंप फुटला म्हणजे म्हाताऱ्याला वीज गेलेलीसुद्धा कळली नाही, खुर्चीत घोरत पडला, असाच त्याचा अर्थ होणार होता. आणि खरं सांगायचं, तर तसंच झालं होतं की!

"गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला, "झोपतोस काय!"

मागच्या दाराशी बूट होते. पाय घातला तर आत ओले. मोजेही ओलसर लागले. दाराच्या फटीतून बर्फ आला असेल, म्हणून तो दारावर चिडला. नाक वाहायला लागलं होतं. त्यानं खिशात हात घातला, तर रुमाल नाही. लाल रुमाल, कायम उजव्या खिशात असायचा. "धुवायला टाकते आणि सांगत नाही," तो पुटपुटला आणि बाहीला नाक पुसलं. मग दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला. तिथं त्याचा जुना पान्हा टांगलेला असायचा. खिळा रिकामा.

पान्ह्याशिवाय बुचं निघायची कशी? शेजारची रोसौरा तिच्या तलावासाठी घेऊन गेली असणार. चांगली पोरगी, पण वस्तू नेली की जागच्या जागी ठेवायची सवय नाही. त्यानं खणातून पक्कड घेतली, टोपी कानांवर ओढली आणि दार उघडलं.

वाऱ्यानं श्वासच अडकला त्याचा. पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ चढला होता, पण वाळू कुणीतरी त्यावर पसरली होती, म्हणून निभावलं. तरी कठडा धरून, एकेक पायरी चाचपत तो उतरला. इथं पडलो तर संपलंच, त्याच्या मनात आलं. जीनीला हाक ऐकू जायची नाही, आणि गेली तरी ती बाहेर यायची कशी? पेकानच्या झाडाची एक फांदी ओझ्यानं कडाडली आणि कुठंतरी पलीकडे कोसळली. तो दचकला. तलावावर राखाडी साय धरली होती, निळी नाही, हिरवी नाही, एकही फरशी दिसत नव्हती.

घराच्या भिंतीशी पंप, फिल्टर आणि हीटर ओळीनं बसवलेले. डेल्बर्ट पंपापाशी गुडघे टेकून बसला. हातमोजा काढला, कारण बूच डोळ्यांनी नाही दिसत, बोटांनीच शोधावं लागतं. पंपाच्या बुडाशी त्यानं बोट नेलं.

बोट सरळ आत गेलं.

तिथं बूच नव्हतं. भोक होतं नुसतं, आणि भोकाखाली बोटभर बर्फाची शेंग लोंबत होती.

"गेला," तो म्हणाला. "फुटला."

बर्फानं बूच उडवून लावलं, म्हणजे आत काय राहिलं असणार? तो पंपाच्या अंगावरून हात फिरवत राहिला, तडा कुठं लागतो का बघत. शेरिलचा चेहरा त्याच्यापुढं उभा राहिला, ट्यूल्साची गॅलरी उभी राहिली, आणि खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेली जीनी. तडा लागेना. मग फिल्टर. त्याचंही बूच नाही. हीटरचंही नाही. तिन्ही भोकं उघडी, तिन्हींखाली गोठलेले ओघळ.

डेल्बर्ट थांबला. पंप फुटेल, एक वेळ फिल्टरही फुटेल, पण तिन्हींची बुचं अशी आट्यांना धक्का न लागता कशी उडतील? आणि उडाली, तर गेली कुठं? त्यानं आजूबाजूचा बर्फ उकरला, तर हाताला काहीतरी कठीण लागलं. ओढून काढलं. त्याचा पान्हा.

आता एकच जागा राहिली होती. पाण्याचं काम करणारा कुठलाही माणूस बुचं काढल्यावर ती खिशात ठेवत नाही, फडताळात ठेवत नाही. पंपाच्या तोंडाशी पानं अडवणारी जाळीची टोपली असते, तिच्यात टाकतो आणि वर झाकण लावतो. म्हणजे उन्हं आल्यावर पंप लावायला जो येईल, त्याला ती समोरच दिसतील. डेल्बर्टनं हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे शिकवलं होतं. पंपाच्या झाकणावर तळहातानं दोन-तीन फटके मारले, तेव्हा बर्फ सुटला. झाकण फिरवून त्यानं आत पाहिलं.

टोपलीत त्याचा लाल रुमाल होता. रुमालाला गाठ, आणि गाठीत सगळी बुचं. रबरी चकत्यासुद्धा पुसून, जिथल्या तिथं. भिंतीवरचा खटका पाहिला, तोही पाडलेला, वीज अचानक आली तरी पंप कोरडा फिरू नये म्हणून.

त्याचा जीव भांड्यात पडला. वाचला पंप! सगळं वाचलं! तो मोठ्यानं हसलासुद्धा, एकटाच, त्या थंडीत. ज्यानं केलं त्यानं काम मात्र चोख केलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. ज्यानं केलं त्यानं.

कुणी केलं?

हसू तिथंच राहिलं. रुमालाची गाठ त्यानं निरखून पाहिली. एक फेरा जास्तीचा, टोक आत खोचलेलं. अशी गाठ जगात एकच माणूस मारायचा. डेल्बर्टनं आठवायला सुरुवात केली. सकाळी उठलो. कॉफी प्यायलो. प्यायलो ना? की ते काल? मग काय केलं? तो सकाळ शोधत गेला आणि तिथं काहीही नव्हतं. धूसरही नाही, अर्धवटही नाही. ऑक्टोबरातलं तरी थोडं आठवत होतं, जाळी आठवत होती, पोलिसाची टोपी आठवत होती. हे कोरं. एवढं काम करायला तासभर तरी लागला असेल. त्या तासात आपण इथंच गुडघे टेकून बसलो होतो, आणि तो तास कुणीतरी घेऊन गेलं. आता मात्र डेल्बर्टची पाचावर धारण बसली. पंप फुटण्याची भीती याच्यापुढं काहीच नव्हती.

अजून एक आशा होती. तो कुंपणाशी गेला.

"रोसौरा! अगं रोसौरा!"

शेजारचं दार उघडलं. रोसौरा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, आज शाळा बंद. डोक्यावरून शाल घेऊन ती धावत आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी वाफाळत होतं.

"मिस्टर डेल! अहो, परत कशाला बाहेर आलात? पडाल ना!"

तो 'परत' त्याला बोचला, पण त्यानं विचारायचं ते विचारलंच. "माझी बुचं तू काढलीस का गं?"

"मी?" रोसौरा हसली. "थट्टा करता का माझी? वीज गेल्या गेल्या तुम्हीच नाही का इथून हाका मारून मला उठवलंत? मी झोपेच्या कपड्यांत पळत आले. आधी खटका, मग बूच, आधी खटका, मग बूच, चार वेळा म्हणायला लावलंत. माझ्या पंपाचं होईपर्यंत कुंपणाशी उभे होतात, आणि मग म्हणालात, आता मी माझं उरकतो."

डेल्बर्टनं चेहऱ्यावर हसू आणलं. कसं आणलं त्याचं त्याला ठाऊक.

"बघत होतो," तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात काही शिरलं का ते."

"शिरणार नाही तर काय! तुमचा धाकच आहे तेवढा."

"मग सांग, बुचं कुठं ठेवलीस?"

"टोपलीत! आता शाळेसारखा हात वर करू का?" ती हसत होती, पण तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "मिस्टर डेल, तुम्हाला बरं वाटतंय ना? ओठ निळे पडलेत तुमचे."

"थंडी आहे, बाई. निळे नाही तर काय गुलाबी होतील?"

रोसौराकडे शेरिलचा नंबर होता. गेल्या वेळी शेरिलनंच दिला होता, काही लागलं तर कळवा म्हणून. तिला काही सांगू नकोस, हे शब्द डेल्बर्टच्या जिभेवर आले आणि त्यानं ते गिळले. असं म्हटलं की संपलंच. रोसौरानं फडक्यातली पुडी कुंपणावरून त्याच्या हातात दिली. "मक्याच्या पिठाचे गरम तमाले आहेत, मिस इमोजीनना द्या. आणि आता आत जा, माझ्या डोळ्यांसमोर. मी उभी आहे इथं, पायऱ्या चढेपर्यंत."

तो चढला. पाठीवर तिची नजर आहे हे माहीत असल्यामुळं, कठडा न धरता चढायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच पायरीवर धरावा लागला.

गोळीचा अंमल उतरला होता आणि इमोजीन उठून स्वयंपाकघरात आली होती. चालताना लागणाऱ्या आधाराच्या चौकटीवर रेलून, अंगावर त्याचा जुना कोट घालून ती मोबाइलवर बोलत होती. गॅसवर पातेलं चढवलेलं होतं.

"हो गं बाई, हो. तुझ्या बाबानं सकाळीच काढलीयत बुचं. आल्यावर मला सांगून गेला की, मी गोळी घ्यायच्या आधी. अगदी सगळं व्यवस्थित. नाही गं, काही विसरला नाही. तू आपली तुझे नळ ठिबकते ठेव म्हणजे झालं. हो, देते निरोप." फोन ठेवून ती वळली. "शेरिल होती. मला म्हणते, बाबांना... डेल?"

डेल्बर्ट दाराशी उभा होता. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात तमाले, बुटांतून पाणी ठिबकतंय. पक्कड कशाला घेतली होती, पुन्हा बाहेर कशाला गेला होता, हे त्यानं काही सांगितलं नाही. पण त्याचा चेहरा तिला दिसत होता. इतकी वर्षं तो चेहरा समोर असताना तिला सांगावं लागणार होतं थोडंच!

"जीनी," तो हळू म्हणाला, "बुचं मी काढली?"

इमोजीननं पातेल्यातला डाव उगाच दोनदा फिरवला.

"तू कुठं," ती म्हणाली. "मीच काढली."

"तू?"

"मग! तू झोपला होतास, म्हटलं कशाला उठवा. इतकी वर्षं बघतेय, मला काय येत नाही? वाळू टाकली पायऱ्यांवर, गेले हळूहळू." तिचा आवाज जरा चढला होता. "आता शेरिलला असं कसं सांगू? ही कंबर घेऊन बर्फात उतरले म्हटलं, तर आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन येईल न्यायला. म्हणून तुझं नाव सांगितलं. तू काय ते खरं धरून बसलास!"

डेल्बर्टनं तिच्याकडे पाहिलं. चौकटीच्या दांड्यावर तिची बोटं होती, सांध्यांशी सुजलेली, एकमेकींवर चढलेली. तीन पायऱ्या उतरायला उन्हाळ्यातसुद्धा तिला त्याचा खांदा लागायचा. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पातेल्यात बघत होती. तिलाही भीती वाटत होती. त्याच्याएवढीच, कदाचित जास्त. आपल्याला विसरून तरी जाता येईल, डेल्बर्टच्या मनात आलं, हिला तेही नाही.

"चांगलं केलंस," तो म्हणाला.

"केलंच मुळी."

"रुमाल घेतलास माझा?"

"घेतला. बोलणार आहेस त्यावरून?"

"नाही बाई. गाठ छान मारलीस."

त्यानं खिशातला पान्हा काढून खिळ्याला टांगला, ओले बूट काढून गॅसजवळ उपडे ठेवले. बाहेर आणखी एक फांदी मोडली. या खेपेला दोघंही दचकली आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही. डेल्बर्टनं तमाल्यांची पुडी सोडली, ताटल्या मांडल्या. काटे कुठल्या खणात असतात ते त्याला लगेच आठवलं, आणि एवढ्याशा गोष्टीचं त्याला फार बरं वाटलं. उद्या आठवेल का, हा विचार त्यानं दारातच अडवून धरला.

इमोजीननं फडताळातून गेल्या उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या पीचची बरणी काढली. आज वीज नाही, उजेड नाही, तर निदान काहीतरी गोड खाऊ, म्हणाली. बरणी तिनं पोटाशी धरली, दोन्ही हातांनी झाकण पिळून बघितलं, ओठ घट्ट मिटले. मग नेहमीच्या सवयीनं, काही विचार न करता, बरणी त्याच्यापुढं धरली.

"उघड रे. माझ्याच्यानं नाही होत."

बरणी दोघांच्या मध्ये होती. आपण काय बोलून बसलो ते इमोजीनच्या लक्षात आलं. तिचा हात तसाच राहिला.

डेल्बर्टनं बरणी घेतली. झाकण फिरवलं, आतली रबरी चकती बोटानं पुसून घेतली, आणि झाकण तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं त्यावर मिटवली.

"नीट ठेव," तो म्हणाला. "हरवायला नको."